भागाकार न येणारी चिप

बेरीज येते, वजाबाकी येते, गुणाकार तर चुटकीसरशी. पण सहाला दोनने भागायला सांगा, की आर्म घराण्यातले सगळ्यात लहान प्रोसेसर हात वर करतात. कॉर्टेक्स-एम० आणि एम०प्लस यांच्या सिलिकॉनमध्ये भागाकाराची आज्ञाच कोरलेली नाही. तरीही त्यांच्यासाठी लिहिलेले प्रोग्राम दिवसरात्र भागाकार करत असतात. कसे? तुम्ही कोडमध्ये एक तिरपी रेघ मारता आणि कंपायलर तिथे गुपचूप एका तयार फंक्शनला हाक मारतो. ते फंक्शन ‘लिबजीसीसी’ नावाच्या लायब्ररीत असतं. वजाबाक्या करत, आकडे सरकवत ते उत्तर काढून देतं. लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आता हा मामला खानदेशात आणू. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. त्याचाच भाग असलेल्या ‘लीलावती’त त्यांनी गणिताच्या आठ मूळ क्रिया मांडल्या, ज्याला परिकर्माष्टक म्हणतात: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन, घनमूळ. या आठांपैकी कॉर्टेक्स-एम०ला पहिल्या तीन थेट येतात. वर्ग आणि घन गुणाकारावर भागतात. भागाकार, वर्गमूळ आणि घनमूळ यांसाठी मात्र लायब्ररीच्या दारात उभं राहावं लागतं. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीची यादी आणि आजची चिप समोरासमोर ठेवली की नेमकं कळतं, सिलिकॉन कुठे संपतं आणि लायब्ररी कुठे सुरू होते.

शून्याने भागलं तर?

ही गंमत खास आहे. एखाद्या राशीला शून्याने भागलं तर जे उरतं त्याला भास्कराचार्य ‘खहर’ म्हणतात आणि त्याची तुलना अनंत परमेश्वराशी करतात: त्यात कितीही घाला, कितीही काढा, फरक पडत नाही.

कॉर्टेक्स-एम३ या चिपला भागाकार येतो. तिला शून्याने भागायला सांगितलं तर ती काय म्हणते? मुकाट्याने ‘०’. ना तक्रार, ना लाल दिवा. एका नियंत्रण रजिस्टरमधला एक बिट तुम्ही स्वतः चालू केलात तरच ती थांबते आणि चूक झाली म्हणून ओरडते. बहुतेक लोक तो बिट कधी चालूच करत नाहीत. पाण्याचा प्रवाह मोजताना सेन्सरकडून शून्य आलं आणि तुम्ही त्याने भागलं, तर तुमच्या हिशेबात अनंताच्या जागी शून्य येऊन बसतं. माझा कौल इथे भास्कराचार्यांना. चुकीचं उत्तर बिनआवाज देणारं यंत्र हे उत्तर न देणाऱ्या यंत्रापेक्षा जास्त धोक्याचं.

आणखी एक. १९८५ च्या पहिल्या आर्म चिपला गुणाकारही येत नव्हता. गुणाकार दुसऱ्या आवृत्तीत आला. भागाकाराची आज्ञा यायला मात्र कॉर्टेक्स-एम३ ची, म्हणजे २००४ ची, वाट पाहावी लागली. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांमध्ये पोरांच्या हाती वर्षानुवर्षं पडलेली एलपीसी२१४८ ही चिप त्याआधीच्या आर्म७ पिढीची, म्हणून भागाकार तिलाही नाही. कित्येक बॅचेस लायब्ररीच्या जिवावर भागाकार करून पास झाल्या.

बाजाराच्या करावर चाललेला मठ

चाळीसगावहून पाटणादेवीला जाणाऱ्यांपैकी बरेच जण धबधबा पाहून परततात. तिथल्या पाटणच्या देवळात १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचं विज्जडविड गाव नेमकं कुठलं यावर विद्वानांत अजून वाद आहे, पण हा लेख काय सांगतो यावर नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्याला देणगी दिली.

लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि आपल्या विषयाशी त्याचं नातं तिथेच जुळतं. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाई त्यावरचा राजाचा कर मठाला लावून दिला होता. तेलाच्या घाण्यांनीही मठाला ठरावीक तेल द्यायचं होतं. म्हणजे किराणा घेणारं गिऱ्हाईक आणि तेल काढणारा तेली, दोघंही नकळत भागाकार-वर्गमूळ शिकवण्याचा खर्च उचलत होते.

आज आर्मसाठीचा जीसीसी कंपायलर फुकट मिळतो तो याच चालीवर. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसीची पहिली आवृत्ती लोकांसाठी खुली केली. पुढे त्यावर काम करणाऱ्यांचे पगार बऱ्याचदा चिप आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांनीच दिले. खुद्द आर्मचे इंजिनिअरही त्यात भर घालतात. छोट्या चिपांसाठीची ‘न्यूलिब’ ही सी लायब्ररी सिग्नस नावाच्या कंपनीतून आली आणि पुढे रेड हॅटने सांभाळली. विकत घेतलेल्या प्रत्येक चिपच्या किमतीत या कामाचा थोडासा वाटा असतोच, घाण्याच्या तेलासारखा.

वीज नसताना चाललेली चिप

खानदेशातल्या शेतकऱ्याला हा किस्सा आवडेल. २६ एप्रिल १९८५ रोजी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत पहिली आर्म चिप आली. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे तिचे दोन शिल्पकार. बोर्डावर बसवली, प्रोग्राम चालला, सगळे खूश. मग फर्बर यांनी ती किती वीज खाते ते मोजायला मीटर जोडला, तर काटा शून्यावर. मीटर बरोबर होता. चिपला वीजपुरवठाच जोडलेला नव्हता! आजूबाजूच्या सर्किटमधून सिग्नलच्या पायांवाटे जी थोडी वीज गळत होती, तेवढ्यावर ती चालली होती.

कमी विजेवर भागवायची ही सवय पुढे सोन्याची ठरली. नोव्हेंबर १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून वेगळी आर्म कंपनी काढली. बारा इंजिनिअर आणि केंब्रिजजवळच्या खेड्यातलं एक कोठार, एवढ्यावर सुरुवात. ही कंपनी स्वतः चिप विकून मोठी झाली नाही. ती नकाशे विकते, चिपा दुसरे बनवतात. नोकिया ६११० मध्ये आर्म७ होता. आजवर आर्मच्या नकाशावर बनलेल्या चिपांचा आकडा २५० अब्जांच्या पुढे गेला आहे.

आधी कोणतं? कंपायलर की लायब्ररी?

लायब्ररी. त्याच केंब्रिजमध्ये, आर्मच्या कितीतरी आधी, एडसॅक नावाच्या संगणकासाठी तयार फंक्शनांच्या कागदी टेपा पोलादी कपाटात रचून ठेवत. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. ग्रेस हॉपर यांचा १९५२ चा ए-० कंपायलर तर टेपवरच्या लायब्ररीतले तुकडे क्रमांकावरून शोधून एकत्र जोडण्याचंच काम मुख्यतः करत होता.

आर्मचं सामान बसवताना हा क्रम विसरला की पहिली आपटी ठरलेली. उबुंटूवर ‘जीसीसी-आर्म-नन-ईएबीआय’ हे पॅकेज म्हणजे नुसता कंपायलर. ‘लिबन्यूलिब-आर्म-नन-ईएबीआय’ हे वेगळं पॅकेज. कंपायलर आला पण न्यूलिब राहिली, तर पहिल्याच ओळीला ‘एसटीडिंट डॉट एच सापडत नाही’ अशी बोंब होते आणि नवशिक्याला वाटतं आपलाच कोड चुकला. नावातल्या ‘नन’चा अर्थ: इथे ऑपरेटिंग सिस्टिम नाही. विंडोज नाही, लिनक्स नाही. नुसती चिप आणि तुम्ही.

ऑपरेटिंग सिस्टिम नाही म्हटल्यावर दुसरी बोंब येते: ‘अंडरस्कोर-एक्झिट सापडत नाही’. सी भाषेतला प्रोग्राम संपला की कुठेतरी परत जायला हवा असं लायब्ररी धरून चालते. पण मोटर सांभाळणारा प्रोग्राम संपून जाणार कुठे? म्हणून सगळे तुकडे जोडणाऱ्या लिंकरला ‘नोसिस’ नावाची स्पेक्स फाइल वापरायला सांगतात. तिच्यामुळे मिळणाऱ्या रिकाम्या फंक्शनांवर लिंकरचं समाधान होतं. आपला मुख्य प्रोग्राम तर न संपणाऱ्या लूपमध्येच फिरत राहतो.

तिसरी फजिती केळीवाल्यांची. रायपनिंग चेंबरचं तापमान १६.५ अंश दाखवायचं, आकडा पाठवला, तर पडद्यावर रिकामी जागा! जागा वाचवण्यासाठी केलेल्या ‘न्यूलिब-नॅनो’मध्ये दशांश छापायची सोय मुद्दाम बंद ठेवलेली असते. लिंकरला वेगळं सांगून ती चालू करता येते, पण शहाणे लोक १६५ असा पूर्णांक ठेवतात आणि छापताना टिंब स्वतः घालतात. चिपही हलकी राहते, डोकंही.

कोड तयार करण्याच्या पायऱ्या लिहिलेल्या ‘मेकफाइल’मध्ये आज्ञेआधी टॅबच लागतो, चार स्पेस चालत नाहीत, हे कुणी आधी सांगत नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जला ‘मेक’ लिहिलं. टॅबची ही खोड त्यांना लवकरच खटकली होती, पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते आणि त्यांना त्रास नको म्हणून तशीच राहू दिली. त्या डझनभरांची भीड आजही जगभरची पोरं सोसत आहेत.

आणि तो एलईडी मिचकावणारा ‘थांब थोडा वेळ’चा रिकामा लूप? ऑप्टिमायझेशन चालू केलं की कंपायलर तो उडवूनच टाकतो. त्याच्या मते ज्या लूपमधून काही निष्पन्न होत नाही तो हवाच कशाला! लूप मोजणाऱ्या चलाआधी ‘व्होलाटाइल’ लिहिलं की त्याचा नाइलाज होतो.

गल्ली नंबर चार, घर नंबर अमुक

धुळ्याच्या जुन्या गावात पत्ता गल्लीच्या नंबरावर सांगतात. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने खानदेशचा कारभार इथे आणला आणि गावाची आखणी केली. चिपच्या पोटातही असाच मामला. एसटीएम३२ या लोकप्रिय घराण्यात फ्लॅश मेमरी हेक्समधल्या ०८०००००० या पत्त्यापासून सुरू होते, रॅम २००००००० पासून. कोण कुठल्या गल्लीत राहणार हे ठरवणाऱ्या कागदाला लिंकर स्क्रिप्ट म्हणतात. फ्लॅशच्या पहिल्या घरात प्रोग्राम नसतोच. तिथे असतो स्टॅकचा पत्ता. दुसऱ्या घरात, चिप जागी झाली की आधी कुठे जायचं याचा पत्ता. हा दुसरा पत्ता नेहमी विषम असतो. शेवटचा बिट १ म्हणजे ‘थम्ब’ पद्धतीच्या आज्ञा. तिथे ० लिहिलात तर चिप पहिल्याच पावलाला कोलमडते. हाताने स्टार्टअप कोड लिहिणाऱ्यांच्या रात्री या एका बिटाने खाल्ल्या आहेत.

नावातच कुंडली

एसटीएम३२एफ१०३सी८टी६. वाचताना जीभ अडखळते, पण यातलं प्रत्येक अक्षर कामाचं. ‘सी’ म्हणजे ४८ पाय. ‘८’ म्हणजे ६४ केबी फ्लॅश. ‘टी’ म्हणजे चौकोनी चपटं वेष्टन. शेवटचा ‘६’ खानदेशासाठी सगळ्यात महत्त्वाचा: उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअस. भुसावळचा मे महिना ४५ च्या वर जातो, आणि उन्हात तापलेल्या बंद पत्र्याच्या पेटीत हवा त्याहून गरम होते. ८५ पर्यंत बरीच जागा आहे, पण शेजारी रिले आणि ट्रान्सफॉर्मरही त्याच पेटीत तापत असतात. ‘७’ हा अंक मिळाला तर मर्यादा १०५.

हीच चिप ज्या निळ्या बोर्डावर येते त्याला जगभर ‘ब्लू पिल’ म्हणतात. ७२ मेगाहर्ट्झ, २० केबी रॅम, आणि किंमत काही शे रुपये. वेगात आर्डुइनो उनोला, म्हणजे १६ मेगाहर्ट्झला, साडेचार पट मागे टाकते. पण खोड्याही आहेत. पुष्कळ बोर्डांवर यूएसबीचा रेझिस्टर दीड किलोओहमऐवजी दहाचा बसवलेला असतो. आणि सगळ्या ब्लू पिल अस्सल नसतात. नकली चिप असेल तर प्रोग्राम चढवणारं ‘ओपनओसीडी’ आयडी जुळत नाही म्हणून अडून बसतं: अस्सल आयडी १ ने सुरू होतो, कित्येक नकलांचा २ ने. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलची डुप्लिकेट बॅटरी ओळखणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको.

‘ओपनओसीडी’ हे नाव शेवटच्या वर्षाच्या मुलांनी लक्षात ठेवावं. जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या एका महाविद्यालयात डॉमिनिक राथ या विद्यार्थ्याने २००५ मध्ये पदविकेचा प्रबंध म्हणून ते सुरू केलं. आज जगभर चिपांवर कोड चढवायला ते वापरतात. बांभोरी, शिरपूर, धुळे, जळगाव इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनो, जाडजूड बाइंडिंग करून कपाटात जाणारा प्रोजेक्ट रिपोर्ट असाही होऊ शकतो.

जळगाव मावतं, चाळीसगाव नाही

शेतीच्या फीडरला वीज आलटून पालटून, कधी दिवसा कधी रात्री. वीज गेल्यावर पंपाच्या कंट्रोलरने काय लक्षात ठेवायचं? ब्लू पिलच्या चिपला एक छोटा बटणसेल जोडला तर तिचं घड्याळ चालू राहतं आणि शिवाय २० बाइट जपता येतात. फक्त वीस.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन बाइट खातं, काना-मात्राही त्यात मोजायची. ‘जळगाव’ पंधरा बाइट: मावतं. ‘धुळे’ बारा: आरामात. भुसावळ, अमळनेर, शिरपूर आणि जोडाक्षरासकट साक्री प्रत्येकी अठरा: जेमतेम. ‘चाळीसगाव’ आणि ‘शिंदखेडा’ मात्र चोवीस, बाहेर. आणि जळगाव-धुळे एकत्र? सत्तावीस. एका चिपमध्ये अख्खा खानदेश मावत नाही, निदान वीज गेल्यावर.

२०२० च्या जीसीसी १० पासून सी भाषेतल्या चलाचं नावही देवनागरीत ठेवता येतं. ‘केळी’ नावाचं चल कंपायलर निमूटपणे स्वीकारतो आणि त्याचं नाव चिपमध्ये एकही बाइट खात नाही, कारण नावं कंपायलरपाशीच राहतात.

मग कोणती लायब्ररी?

इथे मतं मांडायला हरकत नाही. आर्मने २००८ मध्ये ‘सीएमएसआयएस’ आणलं: कुठल्याही कंपनीची कॉर्टेक्स-एम चिप असो, गाभ्याच्या भागाची नावं एकसारखी राहावीत म्हणून. ते हवंच. त्याच्या वर चिप कंपनीची स्वतःची भारदस्त लायब्ररी घ्यायची की ‘लिबओपनसीएम३’सारखी लोकांनी मिळून लिहिलेली हलकी, हा प्रश्न. कंपनीची लायब्ररी लवकर चालू होते, माऊसच्या चार टिचक्यांत. पण तिच्या आत काय चाललंय ते वाचायला बसलात तर संध्याकाळ जाते. ‘लिबओपनसीएम३’ वाचता येते. २००९ च्या सुमारास ती ‘लिबओपनएसटीएम३२’ म्हणून सुरू झाली आणि एलजीपीएल परवान्याखाली मोफत आहे. शिकायचं असेल तर ती घ्यावी, उद्या गिऱ्हाइकाला माल द्यायचा असेल तर कंपनीची.

प्रयोगशाळेतलं ‘काइल’ हे तयार सॉफ्टवेअरही वाईट नाही. १९८२ मध्ये जर्मनीतल्या दोन काइल भावांनी ते काढलं, २००५ मध्ये आर्मने विकत घेतलं. जुन्या फुकट आवृत्तीत ३२ केबीची वेस होती. एलपीसी२१४८ ची ५१२ केबी फ्लॅश समोर असून पोरांना तिचा सोळावा हिस्साच वापरता येई. आता बिनव्यावसायिक वापरासाठी वेस नसलेली आवृत्ती मिळते.

एक खबरदारी मात्र सगळीकडे सारखी. कंपायलरला चिपचं खरं नाव सांगा. एम३ म्हणून तयार केलेला कोड एम० वर चढवला तर एम० ला ठाऊक नसलेली पहिली आज्ञा आली, मग ती भागाकाराची असो वा दुसरी कुठली, की तो कोसळतो. भागाकार नसण्यावर रास्पबेरी पाय पिकोने छान तोड काढली. तिच्या आरपी२०४० चिपमध्ये दोन एम०प्लस आहेत, आणि त्यांच्या शेजारी क्लॉकच्या आठ ठोक्यांत भागाकार करून देणारं वेगळं सर्किट बसवलंय. कंपनीची लायब्ररी तुमची तिरपी रेघ थेट तिकडे वळवते.

करून बघायचं असेल तर आजच बघा. लॅपटॉपवर कंपायलर आणि न्यूलिब दोन्ही बसवा, ब्लू पिल आणि स्वस्तातला एसटी-लिंक प्रोग्रामर आणा. एलईडी पीसी१३ या पायावर आहे आणि तो उलटा चालतो: पाय खाली ओढला की दिवा लागतो. त्या पायाच्या पोर्टचं क्लॉक आधी चालू करायला विसरू नका, नाहीतर कोड बिनचूक असूनही दिवा लागणार नाही. पहिले काही दिवस फक्त एलईडीच मिचकावा. विहिरीवरच्या थ्री-फेज मोटरीच्या स्टार्टरला रिले जोडायची वेळ आली, की एकट्याने पेटी उघडू नका, गावातल्या वायरमनला सोबत घ्या.